एल्डर्स गॅपचा डुक्कर-कोतवाल

मेरिल पिंकम फोन घ्यायला व्यायामशाळेच्या बाहेर गेला तेव्हा तो एक साधा नागरिक होता. परत आत आला तेव्हा तो सरकार झालेला होता.

मार्चमधली ग्रामसभा होती. न्यू हॅम्पशरमधल्या त्या डोंगरी गावात वर्षातून एकदा सगळे जण शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर बसतात, बुटांचा चिखल तिथेच सुकवतात आणि रस्त्यावर किती खडी टाकायची इथपासून अग्निशमनाच्या पाइपापर्यंत सगळं हात वर करून ठरवतात. या सभेत मेरिलच्या शब्दाला वजन होतं. तो आपल्या गॅरेजमधून रोज सकाळी ‘कात्री’ नावाचा रेडिओ कार्यक्रम करायचा आणि आजूबाजूच्या तीन खोऱ्यांना सांगायचा की सरकार जाड झालंय, त्याला कापा. वॉशिंग्टनमधलं सरकार त्याच्या हाताला लागत नसल्यामुळे तो दर मार्चमध्ये गावातलं सरकार कापायचा.

फोन वॉशिंग्टनचा होता. टेस हॅलोरन नावाची बाई, देशभर स्टेशनं असलेल्या एका रेडिओ कंपनीची निर्माती.

“मेरिल, तुमच्या मतदारसंघात काँग्रेसच्या जागेची पोटनिवडणूक लागलीय. संसदेतलं बहुमत या एका जागेवर अडलंय. सगळ्या देशाचं लक्ष तुमच्याकडे आहे. मतदानाच्या दिवशी दुपारी बारा वाजता एक तास आम्ही तुम्हाला देशभर लावतोय. जमलं, तर तो तास कायमचा तुमचा.”

मेरिलने शाळेच्या भिंतीला हात टेकला. एवढ्याच एका फोनची वाट पाहत त्याचे केस पिकले होते.

“जाहिरातही तयार आहे,” टेस म्हणाली. “‘ज्याने आयुष्यात सरकारी खुर्चीला बूड लावलं नाही असा माणूस.’ हे खरं आहे ना? आमचे वकील विचारतायत.”

“बाई, सरकार माझ्याकडून कर घेतं आणि मी त्याला शिव्या देतो. याच्या पलीकडे आमचं नातं नाही.”

“छान. असेच राहा.”

तो आत आला, तर टाळ्या सुरू झाल्या. मेरिलला क्षणभर वाटलं, बातमी भिंतीतून आत झिरपली की काय. त्याने हात हलवून अभिवादनही केलं. मग सभाध्यक्ष ऑरिन थिबोडोने हातोडी आपटली. एरवी हार्डवेअरचं दुकान चालवणारा ऑरिन मेरिलचा शाळेपासूनचा मित्र होता.

“अभिनंदन, कोतवालसाहेब.”

“कसला कोतवाल?”

“डुकरांचा.”

एल्डर्स गॅपमध्ये मोकाट डुकरं पकडायला एक माणूस नेमण्याची चाल फार जुनी. डुकरं गेली, पद राहिलं. ते दर वर्षी गावातल्या ताज्या नवरदेवाच्या गळ्यात मारायचं, सगळ्यांनी हसायचं आणि जेवणाच्या बीन्सच्या हंडीकडे वळायचं. यंदा गावात लग्नच झालं नव्हतं. नवरदेव नसेल तेव्हा जो त्या क्षणी सभागृहात नसेल त्याला निवडायचं, असाही रिवाज होता.

“माझं नाव कुणी सुचवलं?”

“मी,” तिसऱ्या रांगेतून लिओना ॲव्हरबाक म्हणाल्या. या निवृत्त प्राध्यापिका बॉस्टनहून येऊन गावात राहिल्या होत्या आणि मेरिल ज्या-ज्या गोष्टी कापायला निघे त्या-त्या वाचवायला उभ्या राहत. “तुम्ही नेहमी म्हणता ना पिंकम, की सत्ता लोकांच्या जवळ यावी. आली.”

“आणि अनुमोदन कुणी दिलं?”

विणकामाची सुई धरलेला एक हात वर गेला. मेरिलची बायको डोरीन.

“सगळे हसत होते रे,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुलाही हसू येईल.”

मेरिलला हसू आलं नाही. “मी राजीनामा देतो. आत्ता.”

“देता येणार नाही,” ऑरिन म्हणाला. “निवडून आलेल्याने वर्ष पुरं करायचं. सरकारी खुर्ची म्हणजे बसचा थांबा नव्हे, असा ठराव झालाय मागल्या वर्षी.”

“कुणाचा ठराव?”

“तुझा.”

“बरं, मग बसतो. काम नाही करणार.”

“तसंही चालणार नाही. शोभेची पदं बंद. ज्याच्याकडे पद, त्याने काम करायचं, नाहीतर त्याचं नाव चौकातल्या फळ्यावर.”

“हा कुणाचा...” मेरिलने विचारायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प बसला.

घरी जाताना डोरीन म्हणाली, “टेसबाईंना सांगून टाक.”

“काय सांगू? देशभर जाहिरात चाललीय की मी सरकारी खुर्चीला बूड लावलं नाही. आणि इथे मी डुकरांचा कोतवाल! वॉशिंग्टनच्या वकिलांना विनोद कळत नाही, डोरीन. शिवाय गावात डुकरं आहेत तरी किती?”

“एक. ॲव्हरबाक बाईंची हॉर्टेन्स.”

“बघ. एकच तर आहे.”

 डोरीनने हॉर्टेन्सला पाहिलेलं होतं.

एप्रिल उजाडला, चिखल थोडा आटला, रस्त्याच्या कडेने प्रचाराच्या पाट्या उगवल्या. मेरिलच्या पक्षाचा उमेदवार प्रेंटिस हूड. त्याच्या निळ्या पाटीवर लिहिलं होतं, ‘हूड: आपला माणूस’. मेरिल रोज सकाळी माइकवरून सांगत होता, मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडा, रांगेत उभे राहा, आपल्या हाताने मत टाका.

मतदानाचा दिवस आला. गॅरेजमध्ये मेरिल तासाभराच्या कार्यक्रमाची टिपणं काढत बसला होता. गॅरेजच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे आणि डोरीनच्या आईच्या गोधड्या ठोकलेल्या होत्या. एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं यंत्र. विषय टेसनेच निवडला होता. सार्वजनिक रेडिओचं सरकारी अनुदान बंद करण्याचं विधेयक पुढच्याच आठवड्यात काँग्रेसपुढे येणार होतं. मेरिलचा हा हातखंडा विषय. ज्याला गाय हवी त्याने चारा घालावा, शेजाऱ्याच्या खिशातून का, हे तो इतक्या वर्षांत इतक्या प्रकारे बोलला होता की झोपेतही बोलू शकला असता. डोरीन म्हणे की तो बोलतोही.

साडेदहाच्या सुमाराला ऑरिनचा फोन आला. ग्रामसभेचा अध्यक्षच मतदान केंद्राचाही प्रमुख असतो, त्यामुळे ऑरिन सकाळपासून नगरभवनात होता.

“कोतवालसाहेब, ड्यूटीवर या.”

“ऑरिन, आज नको रे बाबा. बारा वाजता मी देशभर आहे.”

“हॉर्टेन्स कुंपण मोडून आलीय. नगरभवनाच्या दाराबाहेर पायऱ्यांवर आडवी पडलीय.”

“पडू दे.”

“तिच्या गळ्यात पाटी आहे. वाटेत कुणाच्या तरी अंगणातली पाटी उकरली, तारेची चौकट मानेत अडकली. ‘हूड: आपला माणूस.’ मतदान केंद्राच्या आखलेल्या हद्दीत प्रचाराला बंदी आहे, मेरिल.”

“डुक्कर प्रचार कसा करेल?”

“कायद्यात कोण करतंय ते लिहिलेलं नाही. पाटी हद्दीत नको, एवढंच लिहिलंय. समोरच्या पक्षाच्या माणसाने तक्रार टाकलीय. तो म्हणतो, पाटी हूडची आणि डुकराचा कोतवाल हूडचा समर्थक. हा योगायोग नाही म्हणे.”

“अरे, मग तूच काढ की ती पाटी.”

“गेलो होतो. घरी जाऊन पँट बदलून आलो.”

मेरिलने घड्याळाकडे पाहिलं.

“अजून एक,” ऑरिन म्हणाला. “चर्चमधल्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्यांतून आल्यात. तुझंच ऐकून आल्यात. एकही खाली उतरत नाही. दोन गाड्या तर परत गेल्या. ती सगळी मतं कुणाची, हे मी तुला सांगायला नको.”

मेरिलने गाडीची किल्ली उचलली आणि स्वयंपाकघरातून मेपलच्या डोनटचा डबा घेतला.

हॉर्टेन्स नगरभवनाच्या पायऱ्यांवर अशी पसरली होती की पायऱ्या तिच्यासाठीच बांधल्यात असं वाटावं. आकाराने ती डोरीनच्या सोफ्याएवढी होती, रंगही साधारण तोच. गळ्यात निळी पाटी. तिच्यासमोर गाड्यांची रांग, गाड्यांत पांढऱ्या केसांच्या बायका, काचा वर. मेरिलला पाहताच काचा चार बोटं खाली आल्या.

“मेरिल! हे तुझं आहे का रे?” पहिल्या गाडीतून हाक आली.

“माझं नाही, आजी. माझ्याकडे फक्त कारभार आहे.”

त्याने डोनट पुढे केला. हॉर्टेन्सने डोनट खाल्ला, डबा खाल्ला आणि पुन्हा डोळे मिटले. त्याने ढकलून पाहिलं. नगरभवन ढकलल्यासारखं वाटलं. तेवढ्यात खिडकी वर सरकली आणि लिओना ॲव्हरबाक डोकावल्या.

“ढकलू नका! तिला अपमान वाटतो.”

“बाई, तुमचं जनावर आहे, बाहेर येऊन न्या!”

“मी मतपत्रिका वाटायला बसलेय. शपथ घेतलीय, मतदान संपेपर्यंत टेबल सोडता येत नाही. दोघांचं काम एकालाच दिलंय ना यंदा, बदली माणूसच नाही.”

दोघांचं काम एकाला देण्याची सूचना कुणाची होती हे मेरिलने विचारलं नाही.

“मग तिला उठवू कसं, ते तरी सांगा.”

“रेडिओ लावा. जन्मल्यापासून तिच्या गोठ्यात रेडिओ चालू असतो. आवाज आला की ती आवाजामागे जाते.”

“असं सांगा ना! रेडिओ तर माझा धंदा आहे.” मेरिलने आपल्या पिकअप गाडीचं मागचं फळकूट उतरवलं, त्यावर फळी टेकवली आणि आपलं नेहमीचं स्टेशन मोठ्याने लावलं. कुणीतरी करांबद्दल तावातावाने बोलत होतं. हॉर्टेन्सने कान पाडले आणि तोंड फिरवलं.

“ते नव्हे!” खिडकीतून आवाज आला. “सार्वजनिक रेडिओ. या वेळेला शास्त्रीय संगीत असतं.”

गाड्यांच्या काचा आणखी खाली आल्या.

“माझ्या गाडीत तो लागत नाही,” मेरिल म्हणाला.

“लागतो. काटा अगदी डाव्या टोकाला न्या.”

“डाव्याच टोकाला असणार म्हणा.”

नवी गाडी घेतल्यापासून तो काटा तिकडे कधी गेला नव्हता. मेरिलने गाड्यांच्या रांगेकडे पाठ केली, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवला आणि बटण फिरवलं. एक चेलो वाजू लागला. संथ, भरदार, दुपारच्या उन्हासारखा. हॉर्टेन्सचे कान उभे राहिले. ती उठली, फळी चढली आणि गाडीच्या पाठीत शांतपणे बसली. चेलो चालू असताना तिने मान पुढे करून पाटीसुद्धा काढू दिली. म्हाताऱ्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली आणि भराभर गाड्यांची दारं उघडली.

पाटी हातात घेऊन मेरिलने घाम पुसला.

“मेरिल,” दारातून ऑरिन म्हणाला, “आता हद्दीत तू प्रचार करतोयस.”

पाटी गाडीत फेकून मेरिलने विचारलं, “हिला कोंडवाड्यात टाकतो. किल्ली कुठेय?”

ऑरिन त्याच्याकडे पाहत राहिला. “कोंडवाडा विकला की आपण. आता तिथे मेणबत्त्यांचं दुकान आहे.”

“विकायची काय गरज होती? उपयोगाची जागा...”

ऑरिन पाहतच राहिला. मेरिल गाडीत बसला. कुंपण मोडलेलं, मालकीण शपथेने बांधलेली, आणि जनावर कोतवालाच्या ताब्यात ठेवायचं असा नियम. तो नियम तेवढा मेरिलचा नव्हता, पण त्याने काही बदलत नव्हतं. बारा वाजायला फार वेळ उरला नव्हता. त्याने गाडी घराकडे वळवली. मागे चेलो चालू होता.

“गॅरेजमध्ये?” डोरीन ओरडली. “माझे कपडे आहेत तिथे!”

“तासाभराचा प्रश्न आहे. तुझा स्वयंपाकघरातला रेडिओ आण. डावीकडे लाव. अगदी डावीकडे.”

डोरीनने भुवया उंचावल्या, पण रेडिओ आणला. हॉर्टेन्सने धुण्याच्या टोपलीचा वास घेतला, चादरींवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. मेरिलने कानांवर हेडफोन चढवले. त्याच क्षणी टेसचा आवाज आला.

“तयार? तीन, दोन...”

जाहिरात वाजली. एका खर्जातल्या आवाजाने सगळ्या अमेरिकेला सांगितलं की हा माणूस सरकारी खुर्चीला कधी बूड लावून बसला नाही. मेरिल आपल्या खुर्चीत जरा पुढे सरकला.

पहिली काही मिनिटं सुरेख गेली. आवाज खणखणीत लागला होता, वाक्यं आपोआप येत होती. मग कानात टेस कुजबुजली, “मेरिल, मागे काहीतरी वाजतंय का? चेलो?”

मेरिलने डोरीनला खूण केली. डोरीनने आवाज कमी केला. हॉर्टेन्सने एक डोळा उघडला. डोरीनने आणखी कमी केला. हॉर्टेन्स उठून उभी राहिली आणि तिने धुण्याच्या यंत्राला असा खांदा लावला की यंत्र भिंतीवर आपटलं आणि एक गोधडी खाली आली.

“ते काय होतं?” टेस.

मेरिलने जोरजोराने खूण केली. डोरीनने आवाज वाढवला. हॉर्टेन्स बसली. मेरिलने विचार केला की आता चेलोपेक्षा मोठ्याने बोलणं एवढाच मार्ग उरलाय. तो माइकजवळ गेला आणि आवाज चढवला.

“मित्रांनो, आज मी वॉशिंग्टनमधल्या मंडळींना एक साधा सवाल करतो. आपल्या पैशावर चालणाऱ्या या सार्वजनिक रेडिओची देशात कुणाला गरज आहे? कुणाचं अडलंय त्याच्यावाचून? मला एक जीव दाखवा. एक!”

आणि परिणाम साधावा म्हणून तो थांबला. या थांबण्यासाठी तो तीन खोऱ्यांत प्रसिद्ध होता.

चेलोही नेमका तिथेच संपला. गॅरेज शांत झालं. त्या शांततेत एका बाईचा मृदू आवाज स्वच्छ उमटला आणि मेरिलच्या माइकमधून आलाबामापासून आयडाहोपर्यंत पोचला. “आपण ऐकत आहात सार्वजनिक रेडिओ. आपल्यासारख्या श्रोत्यांच्या प्रेमामुळे आम्ही आहोत.”

  समोरच्या फोनचे सगळे दिवे एकदम लागले. मेरिलने पहिला उचलला.

“आयडाहोहून गस बोलतोय. काय रे, तू तो रेडिओ ऐकत बसलायस?”

 दुसऱ्या स्टेशनचा आवाज मध्ये घुसला, असं म्हणता आलं असतं. यंत्रात बिघाड झाला, असंही. दोन्ही वाक्यं जिभेवर आली होती आणि त्यांपैकी एकाने तो तास कायमचा त्याचा झाला असता. पण अडचणीत सापडलेली पुढारी मंडळी नेमकी हीच वाक्यं बोलतात, हे त्याने याच माइकवरून इतक्या वेळा सांगितलं होतं की ती त्याच्या तोंडून बाहेर पडेनात. डोरीन रेडिओच्या बटणावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. हॉर्टेन्सही.

“गस,” तो म्हणाला, “मी नाही ऐकत. डुक्कर ऐकतंय.”

“कोण?”

“माझ्या गॅरेजमध्ये एक डुकरीण आहे. सोफ्याएवढी. तो रेडिओ बंद केला तर ती घर पाडेल. आणि ती इथे का आहे तेही ऐक. मी एल्डर्स गॅपचा डुक्कर-कोतवाल आहे. निवडून आलेला. सरकारी पद आहे ते. मघाची जाहिरात खोटी आहे. चूक कंपनीची नाही, माझी. मी सांगितलं नाही.”

वॉशिंग्टनमध्ये काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज कानात आला. मेरिल बोलत राहिला. आता थांबून उपयोग नव्हता. त्याने ग्रामसभा सांगितली, बायकोचा वर गेलेला हात सांगितला, आपले ठराव एकेक करून सांगितले, विकलेला कोंडवाडा सांगितला, गळ्यातली पाटी सांगितली. फक्त पाटीवर कुणाचं नाव होतं ते सांगितलं नाही, कारण मतदान अजून चालू होतं.

 “पगार किती मिळतो?” गसने विचारलं.

“काही नाही.”

“भत्ता?”

“डोनटसुद्धा माझे होते.”

“पेन्शन?”

“वर्षभरात जिवंत सुटलो तर तीच पेन्शन.”

“मग असलं सरकार मला चालेल,” गस म्हणाला. “बरं ऐक, तिला कानामागे खाजव. आणि काहीही झालं तरी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहू नकोस.”

त्यानंतर विधेयकाचं नाव कुणी काढलं नाही. नेब्रास्काच्या एका बाईने सांगितलं की तिची डुकरं हवामानाच्या बातम्यांवर झोपतात. आलाबामाच्या एका पाद्र्याने आपल्या गावात पाद्रीच हे काम करतो असं सांगून तीन उपाय सुचवले. टेक्ससच्या माणसाने विचारलं, “मेरिल, आता तरी तुझं त्या रेडिओबद्दलचं मत बदललं का?”

“मुळीच नाही. ज्याला ऐकायचंय त्याने पैसे द्यावेत.”

“आणि ती आत्ता जे ऐकतेय ते?”

मेरिलने हॉर्टेन्सकडे पाहिलं. नवा चेलो सुरू झाला होता. “तो हिशेब आम्ही बघू,” तो म्हणाला. मग त्याला शेवटचं वाक्य सापडलं. ते त्याच्या टिपणात नव्हतं. “मित्रांनो, मी इतकी वर्षं हेच सांगतोय. सरकार असावं, पण इतकं जवळ असावं की त्याचा वास यावा. मला आत्ता येतोय.”

कार्यक्रम संपला. मेरिलने हेडफोन काढायच्या आधी टेस म्हणाली, “वकील खोलीतून बाहेर गेलेत.”

“समजलं. मी तुम्हाला दोष देत नाही.”

“आमचं फोन-यंत्र बंद पडलं, मेरिल. निवडणुकीच्या रात्रीसुद्धा कधी पडत नाही.” कागद चाळल्याचा आवाज आला. “जाहिरात बदलावी लागेल. मला वाटतं, ‘देशातला एकमेव भाष्यकार, ज्याच्या हाती खरी सत्ता आहे.’ आणि सोमवारी ती येऊ शकेल का?”

संध्याकाळी लिओना ॲव्हरबाक हॉर्टेन्सला न्यायला आल्या. मेरिलने कुंपणासाठी आपल्याकडच्या फळ्या काढून दिल्या आणि ठोकायला सोबतही गेला. प्रेंटिस हूड थोडक्यात निवडून आला. त्याचे लोक म्हणाले की डुकराने रांग अडवली नसती तर आणखी मोठा विजय झाला असता. दुसऱ्या बाजूचे म्हणाले की डुकराने पाटी घातली नसती तर हूड पडला असता. हॉर्टेन्सने दोन्ही बाजूंना मुलाखत दिली नाही.

विधेयकाच्या बाजूने मेरिल सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी देशभर बोलला. गुरुवारी डोरीन गाडी घेऊन बाजारात गेली आणि परत येऊन म्हणाली, “तुझ्या रेडिओचा काटा अजून डावीकडेच आहे.”

“हॉर्टेन्ससाठी. कुंपणाचा काही भरवसा नाही.”

“हो का? कुंपण तर तूच ठोकलंयस.”

मे महिन्यात पोस्टाने एक पुडकं आलं. त्यात जाड कापडाची एक पिशवी होती. सार्वजनिक रेडिओ देणगीदारांना देतो तसली, बॉस्टनहून आलेल्या लोकांच्या खांद्याला असते तसली. डोरीनने ती दोन बोटांनी उचलून नवऱ्यापुढे धरली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” मेरिल म्हणाला. “तासभर ऐकलं. फुकट ऐकणं माझ्या गॅरेजमध्ये चालत नाही. आणि नाव माझं दिलेलं नाही.”

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ऑरिनच्या दुकानात खिळे घेणाऱ्या पाच-सहा जणांनी ते ऐकलं. लिओना ॲव्हरबाक कुंपणाच्या तारेसाठी आल्या होत्या आणि त्यांनीच स्टेशन लावायला सांगितलं होतं. मृदू आवाजाची बाई नव्या देणगीदारांचे आभार मानत होती. यादीच्या शेवटी ती म्हणाली, “आणि एल्डर्स गॅपच्या हॉर्टेन्स पिंकम.”

तेव्हापासून गावात ती डुकरीण आडनावाने ओळखली जाते.

पुढचा मार्च आला. पुन्हा घडीच्या खुर्च्या, पुन्हा चिखल, पुन्हा बीन्स. यंदा गावात एक नाही, दोन लग्नं झाली होती आणि दोन्ही नवरदेव पहिल्या रांगेत आपली पाळी येणार म्हणून हसत बसले होते. ऑरिनने खडी संपवली, पाइप संपवला आणि घसा साफ केला.

“पुढचा विषय. डुक्कर-कोतवाल.”

तिसऱ्या रांगेतून मेरिल पिंकम घाईघाईने उठला.

“एक मिनिट, मला फोन आलाय,” तो म्हणाला आणि दाराबाहेर गेला.

त्याचा फोन खुर्चीवरच पडला होता, बंद. डोरीनने तो उचलून विणकामाच्या पिशवीत टाकला. लिओना ॲव्हरबाक नाव सुचवायला उभ्या राहिल्या आणि डोरीनने हात वर केला.